व्हिएन्नाला दोन दिवस: आईबाबांना घेऊन जाताना काय बघावं आणि काय सोडावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघं म्युनिकला राहता, सांगलीहून आईबाबा आले आहेत. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी दुपारी निघून रविवारी रात्री घरी परतायचं आहे. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, आईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना अंडंसुद्धा चालत नाही. तुम्ही केलेल्या कोष्टकात शॉनब्रुन, हॉफबुर्ग, बेल्वेडेअर हे राजवाडे, प्राटर बागेतला मोठा पाळणा, ऑपेरा आणि जमलं तर शेजारच्या स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावा एवढं सगळं बसवलंय. ते जमेल का?

नाही जमणार, आणि जमवूही नका. मी बावीस वर्षं मराठी मंडळींना घेऊन मध्य युरोपात फिरते आहे. व्हिएन्नाहून परतलेल्या लोकांना सहा महिन्यांनी भेटले की त्यांना राजवाडे एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात. "तो सोनेरी आरशांचा हॉल कुठला हो?" असं विचारतात. हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्याने या शहरातून सहाशे वर्षांहून अधिक काळ राज्य केलं. ते दोन दिवसांत उरकायला गेलात तर हाती फक्त झुंबरं लागतात. त्याऐवजी एकच धागा धरा: हे घराणं जगलं कसं, त्याची सत्ता कशात होती आणि ते शेवटी कुठे विसावलं. शनिवारी जगणं बघा, रविवारी सत्ता आणि शेवट. बाबांसारख्या माणसाला यातून खरं समाधान मिळेल, आणि आईंना चालावंही कमी लागेल.

आधी प्रवासाचं. म्युनिकहून थेट रेल्वेने साधारण चार तास लागतात. शुक्रवारी दुपारी ही गाडी गच्च भरते, म्हणून नुसतं तिकीट काढून थांबू नका, चौघांच्या जागाही राखून ठेवा. आईबाबांचे पासपोर्ट हातातल्या पिशवीत असू द्या. शेंगेनमध्ये, म्हणजे एरवी सीमेवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात आहोत म्हणून कोणी विचारणार नाही असं समजू नका. परतताना जर्मन हद्दीत पोलीस डब्यात चढून कागद बघतात. राहायला जुन्या शहराच्या मध्यावर महागडी खोली घेण्याची गरज नाही. हाउप्टबानहोफ या मुख्य स्टेशनजवळ राहिलात तर सामान ओढत जावं लागत नाही, आणि तिथून यू1 मेट्रोने तिसरं स्टेशन श्टेफान्सप्लात्स, म्हणजे शहराचा गाभा. हॉटेल ठरवताना लिफ्ट आहे का हे लेखी विचारून घ्या. जुन्या इमारतींत कधीकधी लिफ्ट अर्ध्या जिन्यानंतर सुरू होते आणि सामानासकट तो अर्धा जिना गुडघ्यांना भारी पडतो.

मेट्रो आणि ट्रामसाठी ठरावीक तासांचा पास घ्या. कागदी पास असेल तर फलाटाकडे जाताना लागणाऱ्या छोट्या यंत्रात घालून त्याच्यावर शिक्का मारून घ्यायचा असतो. इथे फाटकं नसतात, त्यामुळे ही गोष्ट लक्षातच राहत नाही. अगदी सुरुवातीच्या काळात माझ्या गटातल्या सहाजणांना यासाठी दंड झाला होता. पास खिशात होते, पैसे भरलेले होते, शिक्का नव्हता. चूक माझी होती, मी सांगायला विसरले होते. तेव्हापासून पहिल्या स्टेशनवर मी स्वतः यंत्रापाशी उभी राहते.

शुक्रवारी पोचायला संध्याकाळ होईल. त्या दिवशी काहीही 'बघू' नका. जेवून श्टेफान्सप्लात्सला वर या आणि सेंट स्टीफनच्या कॅथेड्रलसमोर उभे राहा. दक्षिणेकडचा मनोरा 136 मीटर उंच आहे. त्याच्या 343 पायऱ्या चढायच्या की नाही हा प्रश्न तुमच्यापुरता, आईंनी खालीच थांबावं. बाबांना मात्र उत्तरेकडच्या, अपुऱ्या राहिलेल्या मनोऱ्याकडे बघायला सांगा. त्यात पुमरिन नावाची प्रचंड घंटा आहे. 1683 साली तुर्की फौजेने व्हिएन्नाला वेढा घातला. 12 सप्टेंबरला पोलंडचा राजा यान सोबिएस्की आणि इतरांच्या सैन्याने काहलेनबेर्गच्या टेकड्यांवरून उतरून तो मोडला. पळणाऱ्या फौजेने टाकलेल्या तोफा वितळवून ही घंटा ओतली गेली. 1945 च्या आगीत ती खाली कोसळून फुटली. आजची घंटा त्याच धातूतून पुन्हा ओतलेली आहे. त्याच 1683 च्या अखेरीस संभाजी महाराज गोव्यात पोर्तुगीजांशी झुंजत होते. हे वर्ष बाबांनी शाळेत कित्येकदा शिकवलं असेल. ते इथे उभं राहून आठवायला वेगळीच गंमत आहे.

शनिवार सकाळ शॉनब्रुनला द्या. यू4 मेट्रोने थेट जाता येतं. तिकिटावर आत जाण्याची वेळ छापलेली असते, म्हणून आधीच काढा आणि सकाळची सगळ्यात पहिली वेळ घ्या. दहानंतर बसभरून गट येतात आणि मग प्रत्येक खोलीत पुढच्याच्या पाठीकडे बघत चालावं लागतं. राजवाड्यात एकूण 1,441 खोल्या आहेत, तुम्हाला त्यातल्या थोड्याच दाखवतात. फेऱ्या लहान-मोठ्या असतात. मोठी फेरी घ्या, कारण सांगते.

लोक आरशांच्या दालनासाठी येतात. 1762 मध्ये सहा वर्षांच्या मोझार्टने राणी मारिया तेरेसापुढे वाजवलं ते इथेच, असं सांगतात. वाजवून झाल्यावर पोराने राणीच्या मांडीवर उडी घेतली, असं त्याच्या वडिलांनी पत्रात लिहिलंय. ते दालन बघाच. पण मी माझ्या लोकांना जास्त वेळ थांबवते ते तीन जागी.

पहिली जागा सम्राट फ्रान्झ योसेफची झोपायची खोली. याने 1848 ते 1916 अशी अडुसष्ट वर्षं राज्य केलं. जन्मही याच राजवाड्यातला आणि मृत्यूही. खोलीत एक साधी लोखंडी खाट आहे, आपल्याकडे जुन्या इस्पितळात असायची तशी. साम्राज्यात पाच कोटी माणसं, अकरा-बारा भाषा, आणि सम्राट पहाटे पाचच्या आत उठून कागदांवर सह्या करायला बसणारा. ती खाट पाहिल्यावर बाकीचा सोनेरी मुलामा वेगळा दिसायला लागतो.

दुसरी जागा निळं चिनी दालन. 11 नोव्हेंबर 1918 ला शेवटचा सम्राट कार्ल याने राज्यकारभारातून बाजूला होत असल्याच्या कागदावर सही केली ती इथे. भिंतीवर हाताने रंगवलेला चिनी कागद, फुलं, माणसं. गाईड इथून भराभर पुढे नेतात. तुम्ही थांबा. पाच कोटींचं साम्राज्य गेलं आणि साधारण पासष्ट लाखांचा देश उरला, त्यातली वीसेक लाख माणसं एकट्या व्हिएन्नात. बाहेर पडल्यावर शहर देशाच्या मानाने एवढं मोठं का वाटतं, त्याचं उत्तर या खोलीत आहे.

तिसरी जागा आपल्या माणसांसाठी सगळ्यात महत्त्वाची, आणि मोठी फेरी घ्यायची ती हिच्यासाठी. मिलियोनेनत्सिमर, म्हणजे लाखमोलाची खोली. भिंतींना दुर्मीळ लाकडाची गडद तावदानं आणि त्यात सोनेरी नागमोडी चौकटी. जवळ जा. चौकटीत मोगल दरबारातली चित्रं आहेत: बादशहा, घोडेस्वार, शिकार, बागेतल्या स्त्रिया. नजर थोडी स्थिरावली की सांधे दिसू लागतात. एका चित्रातला माणूस कापून दुसऱ्या चित्रातल्या झाडाखाली बसवलाय. चौकटीचे आकार वेडेवाकडे होते म्हणून राजघराण्यातल्या माणसांनी ही लघुचित्रं कात्रीने कापून नव्याने जुळवली आणि चिकटवली. हिंदुस्थानातल्या कुणा चित्रकाराने एका केसाच्या कुंचल्याने काढलेली पापणी इथे भिंतीच्या सजावटीचा तुकडा होऊन बसली आहे. मला तिथे दरवेळी वाईट वाटतं. तरीही ती चित्रं जपली गेली, आणि अडीचशे वर्षांनंतर आपण त्यांच्यासमोर उभे राहू शकतो, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी आईबाबांना सांगा.

बागेला तिकीट नाही. टेकडीवरच्या ग्लोरिएटपर्यंत चढ आहे, आईंनी चढू नये. हवा चांगली असेल तर बागेतून फिरणारी छोटी गाडी मिळते का बघा. नसेल तर खालच्या बाकावरूनही ती कमान छान दिसते.

जेवणाचं इथेच सांगून टाकते, कारण आईंचा प्रश्न खरा कठीण आहे. व्हिएन्नात 'शाकाहारी' म्हटलं की अंडं त्यात धरलेलंच असतं. काइझरश्मारन हा गोड पदार्थ अंड्याचा, झाखरटोर्ट या चॉकलेट केकमध्ये अंडी, चीजचे श्पेत्सले (नूडल्ससारखे पिठाचे तुकडे) अंड्याचे, तळलेल्या मश्रूमचं आवरणही अंड्यात बुडवलेलं. सगळ्यात फसवं म्हणजे बटाट्याचं सॅलड. दिसायला अगदी उपवासाला चालेलसं, पण व्हिएन्नातल्या पद्धतीत त्यात बहुतेक वेळा गोमांसाचं सूप घालतात. बटाट्याच्या सूपचंही तेच. म्हणून "शाकाहारी आहे का" असं न विचारता "ओने फ्लाइश, ओने फिश, ओने आय, ओने रिंडसुपे" असं एकेक नाव घेऊन विचारा, म्हणजे मांस, मासे, अंडं आणि गोमांसाचं सूप नको. सफरचंदाच्या श्ट्रुडेलचं पारंपरिक पातळ आवरण पीठ, पाणी आणि तेलाचं असतं, पण प्रत्येक ठिकाणी विचारून घ्या. दुपारी नाशमार्कटला गेलात तर फलाफल, हुमुस, ऑलिव्ह, ताजा पाव यावर आईंचं पोट नीट भरेल. हा बाजार रविवारी बंद असतो, म्हणून तो शनिवारीच. आणि घरून थेपले किंवा दशम्या न्याच. इतकी वर्षं फिरूनही माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी असते.

पाणी विकत घेऊ नका. इथल्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. डोंगरातून शहरापर्यंतचा पहिला कालवा 1873 मध्ये सुरू झाला, दुसरा 1910 मध्ये. बाटली नळाखाली भरा आणि प्या.

दुपारी आईंना खोलीवर दोन तास पाय वर करून पडू द्या. हे मी अगदी ठासून सांगते, कारण रविवार त्यावर अवलंबून आहे. चारच्या सुमाराला ऑपेराच्या थांब्यावर या आणि एक नंबरच्या ट्रामने पार्लमेंटच्या दिशेला निघा. पूर्वी शहराभोवती तट होता. 1857 मध्ये फ्रान्झ योसेफने तो पाडायचा हुकूम काढला आणि त्या मोकळ्या पट्ट्यात रिंगश्ट्रासे हा रुंद रस्ता उभा राहिला. बसल्या जागी एकेक इमारत समोरून जाते: डावीकडे जुळी संग्रहालयं, उजवीकडे हॉफबुर्गचं हेल्डेनप्लात्स मैदान, मग पार्लमेंट, नगरभवन, विद्यापीठ. 15 मार्च 1938 ला हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीला जोडल्याची घोषणा केली ती त्याच मैदानावरच्या सज्जातून, आणि खाली लोक जल्लोष करत होते. त्यानंतर सुमारे 65,000 ऑस्ट्रियन ज्यूंचा जीव गेला. राजवैभवाच्या शहरात हे सांगायला जड जातं, पण बाबा विचारतील, तुम्हाला माहीत असलेलं बरं.

विद्यापीठापाशी बाबांना आणखी एक गोष्ट सांगा. इथे संस्कृत शिकवणारे गेओर्ग ब्यूलर आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक होते. 1886 मध्ये व्हिएन्नात प्राच्यविद्या पंडितांची परिषद भरली, तिला रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबईहून आले होते. ज्यांच्या नावाने पुण्यात संस्था उभी आहे ते आपले भांडारकर या रस्त्याने फिरले असतील. माझ्या गटातले कितीतरी पुणेकर हे ऐकून ट्रामच्या खिडकीला नाक लावतात.

श्वेडेनप्लात्सला उतरा आणि दोन नंबरची ट्राम पकडा, म्हणजे फेरी पूर्ण होते. मात्र मध्येच श्टुबेनटोरला उतरून समोरच्या काफे प्रुकेलमध्ये बसा. काफे सेंट्रल सुंदर आहे, पण बाहेर रांग असते आणि रांगेत उभं राहून कॉफीहाउसचा अर्थच निघून जातो. इथे नुसती 'कॉफी' मागू नका, मेलांज मागा, म्हणजे वर दुधाचा फेस असलेली. ती छोट्या चकचकीत तबकात येते, बाजूला पाण्याचा पेला, आणि पेल्यावर चमचा पालथा ठेवलेला. एका कपावर दोन तास बसलात तरी कोणी बिल आणून ठेवत नाही. ते तुम्हीच मागायचं. या शहराला जे खरोखर जमलंय ते हे.

ऑपेराचं म्हणाल तर तुम्ही दोघं उभ्याच्या जागेचं तिकीट काढून जा. ते फार स्वस्त असतं, आणि आपल्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून जागा धरायची इथली रीत आहे. आईंना तीन तास उभं करू नका. रस्त्यात मोझार्टसारखा टोप आणि झगा घालून तिकिटं विकणारे भेटतील. त्यांच्याकडून घेऊ नका, तेवढ्या पैशांत याहून चांगलं संगीत मिळतं. आणि रविवारी सकाळी तर पैसेही लागत नाहीत.

रविवारी अकरा वाजता हॉफबुर्गला लागून असलेल्या ऑगस्टिनरकिर्शेत मोठी प्रार्थना असते. बहुतेक रविवारी वाद्यवृंद आणि गायकवृंद हायडन, मोझार्ट किंवा शूबर्टचं संगीत पूर्ण सादर करतात. ही उपासना आहे, मैफल नव्हे. म्हणून अर्धा तास आधी जाऊन बसा, मध्ये उठू नका, फोटो काढू नका. आपण कीर्तनाला बसतो तसं बसा. आई देवळात वाढलेल्या असतील तर त्यांना भाषा कळायची गरज पडणार नाही. माझ्या एका गटात ऐंशी वर्षांच्या आजी होत्या. व्हायोलिन सुरू झाल्यावर त्यांनी हात जोडले ते शेवटपर्यंत तसेच ठेवले.

याच चर्चमध्ये एका लहान खोलीत हाब्सबुर्गांची हृदयं चांदीच्या कलशांत ठेवलेली आहेत. घराण्याची रीत अशी होती की हृदय इथे, आतडी सेंट स्टीफनच्या तळघरात आणि देह कापुत्सिनरग्रुफ्ट या कापुचिन भिक्षूंच्या तळघरात. त्या तळघरात आता जा, चर्चपासून जेमतेम पाच मिनिटं. मारिया तेरेसाची आणि तिच्या नवऱ्याची शवपेटी एखाद्या खोलीएवढी आहे. झाकणावर दोघं जणू झोपेतून उठून एकमेकांकडे बघताहेत. तिच्याच पायाशी तिच्या मुलाची, दुसऱ्या योसेफची पेटी आहे: साधी, तांब्याची, नक्षी नाही. तो सुधारक होता, उधळपट्टी त्याला खपत नसे. आई आणि मुलगा असे शेजारी शेजारी पाहिले की अख्खं अठरावं शतक समजतं. तिथेच मारिया तेरेसाला लहानपणी वाढवणाऱ्या बाई, काउंटेस फुक्स, यांचीही पेटी आहे. घराण्याबाहेरच्या त्या एकट्याच. राणीने स्वतः त्यांना तिथे जागा दिली.

शेवटी शाट्सकामर, हॉफबुर्गमधला राजकोष. मंगळवारी बंद असतो, रविवारी उघडा. हॉफबुर्गच्या राजघराण्याच्या खोल्या सोडा. शॉनब्रुनमध्ये पाहिलंत तेच पुन्हा दिसेल. इथे अंधाऱ्या खोलीत पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे मध्य युरोपातल्या जुन्या जर्मन साम्राज्याचा, मुकुट आहे, दहाव्या शतकातला, आठ पाकळ्यांचा. त्यातल्या रत्नांना पैलू नाहीत. ती नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत आहेत आणि मागून उजेड पडावा म्हणून सोन्याच्या पत्र्याला आरपार भोकं पाडून बसवली आहेत. 1806 मध्ये नेपोलियनच्या दबावाखाली दुसऱ्या फ्रान्झने या साम्राज्याचाच त्याग केला. नाझींनी 1938 मध्ये मुकुट न्युरेंबर्गला नेला, 1946 मध्ये तो परत आला. बाबांना इथे एकटं सोडा, अर्धा तास तरी.

बेल्वेडेअर आणि तिथलं चित्रकार क्लिम्टचं चित्र हवंच असेल तर वेळ उरल्यास रविवारी दुपारी. ते हाउप्टबानहोफपासून जवळ आहे. शनिवारी पाऊस लागला तर बागेऐवजी कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात चित्रकार ब्रॉयगलच्या दालनात जा. 1565 चं 'बर्फातले शिकारी' तिथे आहे आणि समोर बसायला कोचही आहेत. प्राटर आणि ब्रातिस्लावा या वेळी सोडा.

रविवारी दुकानं बंद असतात हे विसरू नका. औषधं पुरेशी आणि चिठ्ठीसह न्या. माझ्या गटातल्या एका काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या रविवारी संपल्या होत्या आणि रविवारी आळीपाळीने उघडं राहणारं औषधदुकान शोधण्यात अर्धा दिवस गेला. परतीच्या प्रवासासाठी खाऊ घ्यायचा असेल तर मुख्य स्टेशनातलं किराणा दुकान उघडं असतं. 26 ऑक्टोबर हा राष्ट्रीय दिवस, तो तुमच्या शनिवार-रविवारला लागून येत नाही ना, तेवढं बघा.

आणि स्टेशनात चुकामूक होऊ नये म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा: हाउप्टबानहोफच्या दालनात पंख असलेला दगडी सिंह आहे, तो. पूर्वी इथे दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचं स्टेशन होतं, त्यातला तो. हा सिंह व्हेनिसचं चिन्ह आहे आणि 1866 पर्यंत व्हेनिस हाब्सबुर्गांच्याच ताब्यात होतं. गाडीला वीस मिनिटं असतील तर बाबा तिथेच उभे सापडतील.